नकाराचा रकाना

सोमवार होता, म्हणून सगळे एका वेळी घरात सापडले. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी निम्मा तालुका मासे खात नाही. मासेमारांच्या खालच्या गाबीतवाडीत त्या दिवशी जाळी शिवून होतात, सोयरिकी जुळतात आणि राहिलेली भांडणंही उरकतात. दाजींच्या घरात आज त्यांच्या बायकोचं, सत्यवतीचं काय करायचं ते ठरायचं होतं आणि सत्यवती सोडून सगळे ओटीवर बसले होते.

ती मागच्या पडवीत होती. कालपासून तिला पुन्हा रक्त जात होतं. शिमग्यापासून असंच चाललं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी रक्त दिसायचं, मग ती वेगळी चटई टाकून चार दिवस पडवीत बसायची आणि पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायची. साठीला आलेली बाई बाजूला बसते याची वाडीत थोडी थट्टाही झाली होती. मासे विकायला मात्र ती त्या चार दिवसांतही कसालच्या बाजाराला जायची. धंद्याला विटाळ लागत नाही, फक्त देवाला आणि चुलीला लागतो, असा तिचा हिशेब होता.

आता ओटीवरच्या खुर्चीत ओरोसच्या डॉक्टरांची फाईल होती. दाजींच्या मुलाने, सुदेशने ती आल्यापासून तीनदा वाचली होती आणि तरी पुन्हा उघडली.

"गर्भाशयाच्या तोंडाचो कॅन्सर. दुसरी पायरी," तो म्हणाला. "कोल्हापूराक पाच आठवडे रेडिएशनचो शेक देवचो लागतलो, बरोबर सुयो. बुधवारी खाट मिळता. बुधवार चुकलो तर मगे तीन आठवड्यांनी. आणि डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे थांबायला नको."

"रविवारी देवीक कौल लावया," भाई म्हणाले. भाई म्हणजे दाजींचे धाकटे भाऊ. शेजारच्याच घरात राहायचे आणि दाजी गप्प असले की दाजींच्या वतीने बोलायचे. "उजवो कौल दिल्यान तर खुशाल जावा कोल्हापूराक."

"रविवारी? आणि बुधवारची खाट, काका?"

"होडी पाण्यात लोटताना इचारतो. घराचो पायो घालताना इचारतो. आणि घरातला माणूस परक्याच्या हातात देताना इचारूचा नाय?"

सुदेशची बायको प्रियांका चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. या घरात येऊन तिला सहा वर्षं झाली होती. ती वरच्या वाडीतली, शेतीवाल्यांकडची. माहेरी कौलाचं, म्हणजे देवीचा होकार-नकार घेण्याचं, एवढं प्रस्थ नव्हतं, पण माहेरचं काही इथे काढायचं नाही हे ती पहिल्या वर्षातच शिकली होती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. दाजी भावाच्या बोलण्यावर मान हलवत होते. सुदेश एकटा पडला होता आणि तिला त्याच्या बाजूने एक शब्द बोलता येत नव्हता. कारण बोलायला लागली असती तर सगळंच बोलावं लागलं असतं.

"दाजी, तुमी तरी सांगा," सुदेश म्हणाला.

"भाई म्हणता ता खोटा नाय," दाजी म्हणाले. "चार दिवसांनी काय होता?"

तेवढ्यात सारिका आली. ती भाईंची मुलगी, खालच्या वाडीची आशा सेविका. निळी पिशवी खांद्यावरून काढायच्या आधीच तिने विषय ओळखला. ती वडिलांच्या बाजूची नव्हती, पण सुदेशच्या बाजूचीही निघाली नाही.

"तुमी हय कितीव भांडा," ती म्हणाली. "काकी जावची नाय. तिचो सोभाव माका ठाऊक. तेवा शिबिराकसुद्धा येवक नाय."

"खंयच्या शिबिराक?"

"दोन वर्सांमागे शाळेत झाला ता. ह्याच रोगाची तपासणी होती. तेवा बघितला असता तर..." तिने वाक्य सोडून दिलं.

सुदेशने फाईल मिटली. "आयेक तू इचारलेलंस?"

"यादीत आसा ना. नकार म्हणून."

"यादी ऱ्हवांदे. तू इचारलंस काय?"

सारिकाने चहाचा कप उचलला आणि न पिता परत ठेवला.

तिला ती यादी अजून पाठ होती. शिबिर बुधवारी आणि शुक्रवारी, दहा ते एक, वरच्या वाडीतल्या शाळेत. वार ज्यांनी ठरवले त्यांना मासे कोण कधी विकतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. बुधवारी आणि शुक्रवारी खालच्या वाडीतली मासे विकणारी एकही बाई दहा वाजता गावात नसते. पाच-साडेपाचला किनाऱ्यावर लिलाव, मग टेम्पोतून कसाल, कणकवली, आणि घरी यायला तीन. सारिका याच वाडीत जन्मली होती. तिच्या आईनेही पाटी वाहिली होती. तिने शिबिराच्या पहिल्याच बैठकीत हात वर करून सांगायला हवं होतं. पण बैठकीत तिच्या आजूबाजूला सगळ्या शिकलेल्या बाया होत्या, आणि आमच्या बायकांना मासे विकायचे असतात हे तिथे उठून सांगायची तिला लाज वाटली. खरं कारण हेच होतं, बाकी सगळी तिने नंतर जुळवलेली.

वरच्या वाडीतल्या बहात्तर जणी आल्या. खालच्या वाडीतल्या अकरा. उरल्या अडतीस. शुक्रवारी संध्याकाळी यादी बंद करायला आरोग्य केंद्रातून फोन आला. यादीत दोनच रकाने होते, तपासणी आणि नकार. घरी सापडली नाही, वेळ जमली नाही, सांगितलंच नाही, यांना रकाना नव्हता. सारिकाने जेवायच्या आधी बसून अडतीस वेळा नकार लिहिलं. सव्विसावं नाव काकीचं होतं. लिहिताना हात थांबला होता, पण फार नाही.

"मी इचारूक नाय," ती म्हणाली. "अडतीसांतल्या कोणाकच इचारूक नाय. घरात बसान लिवलंय."

सुदेशने तिच्यावर डोळे रोखले. मग भाईंनी मुलीची बाजू घेतली, कारण आता ती घ्यायलाच हवी होती.

"तिच्यार कित्या डोळे वटारतास? इचारल्यान असता तरी कोण गेला असता? आणि गेला असता तरी काय? हेंच्या तपासणीन आजपर्यंत कोणाचा बरा झाला, माका एक नाव सांगा."

"माजा झाला," प्रियांका म्हणाली.

ती अजून उंबऱ्यातच होती. रिकामा ट्रे तिने पोटाशी धरला होता.

"तुजा काय झाला?" सुदेशने विचारलं.

"त्या शिबिरात मी गेललंय. आवशीन फोन केल्यान, हयसून बायका जातत, तू पण ये. बुधवारी सकाळी मी माहेराक गेलंय ता तेच्यासाठी. नाव थंयच्या आशाकडे माहेरचा लिवलंय. नर्सबाईन औषध लावन बघितल्यान आणि म्हणाली, पांढरो डाग आसा. कॅन्सर नाय, पण ठेवलास तर पुढे होतलो. दुसऱ्या आठवड्यात बोलवन यंत्रान जाळून टाकल्यानी. धा मिनटा लागली. सुई पण देवक नाय."

सुदेशने मनात दिवस मोजले. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "तू म्हयनोभर माहेराक रवललंस. आवशीचो गुडघो दुखता म्हणान."

"म्हयनोभर जवळ जावचा नाय म्हणान सांगितलेल्यानी. तुका काय सांगणार होतंय?"

"खरा काय ता सांगूचा होता!"

"आणि मगे? सगळी वाडी म्हणाली असती, वरच्या वाडीतल्या चेडवान रोग आणल्यान. माझी आवस काय म्हणाली म्हायत आसा? म्हणाली, ह्या तुका खालच्या वाडीतच लागला, तेंच्यात असतत असले रोग. मी कोणाक सांगू?"

"माका नाय तर आयेक. एका घरात रवतास. एका चुलीर जेवण करतास. तुका दोन वर्सा ठाऊक होता की असली तपासणी असता, आणि शिमग्यापासून आयेक रगत जाता ता तुका दिसत होता..."

"दिसत होता," प्रियांका म्हणाली. "माका वाटला, ह्या वयात कायतरी तरास होत असतलो. नाय, खोटा कित्या सांगू? माका भ्या वाटला. तिका तपासूक ने म्हटला असता तर तुका कसा ठाऊक म्हणान इचारल्यान असता."

सुदेश उठला आणि घरासमोरच्या खळ्यात जाऊन पाठ करून उभा राहिला. इतका वेळ त्याला बायकोची साथ हवी होती. आता ती मिळाली होती आणि नको झाली होती.

सारिकाने प्रियांकाच्या हातातला ट्रे घेतला. सहा वर्षांत दोघींचं कधी धड जमलं नव्हतं. सारिकाच्या मते वहिनी नाक वर करून चालायची, प्रियांकाच्या मते नणंद चोंबडी होती. आता दोघी एका भिंतीला टेकून उभ्या होत्या, कारण ओटीवर दुसरीकडे कुठे उभं राहायची सोय उरली नव्हती.

भाईंना मात्र नवीनच सापडलं. "पण ह्यो रोग लागता खंयसून?"

"संबंधातून येता, बाबा," सारिका म्हणाली. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं तिने तसंच सांगितलं. "बारको विषाणू असता. बहुतेकांक कधी ना कधी होता आणि आपसूक जाता. एकाद्या बाईत रवता आणि वर्सान्वर्सा आत वाढत रवता. कोणी दिल्यान ता शोधून गावत नाय."

"म्हणजे पुरुषाकडसून," भाई म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनी थोरल्या भावाकडे बघायचं टाळलं.

दाजींना तेवढं पुरलं. शनिवारी ओरोसला डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, तेव्हापासून ते तेच मनात घोळवत होते. अठरा वर्षं ते परक्या बोटींवर होते, मुंबईत आणि वेरावळला. त्या वर्षांत सगळंच काही सांगण्यासारखं नव्हतं. सत्यवतीने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. आता त्यांना देवीपुढे जायचं होतं ते तिच्यासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. देवीने डावा कौल दिला तर दोष देवीचा ठरला असता. आणि दुसरी गोष्ट तर त्याहून वाईट होती. शिमग्यापासून पडवीत तिच्या न्हाण्याचं पाणी तेच नेऊन देत होते. लुगडी भिजत घातलेली त्यांनी पाहिली होती. बारा वर्षांमागे बंद झालेलं परत कसं सुरू झालं, हा प्रश्न त्यांना पडला होता, पण बायकांच्या गोष्टीत पुरुषाने तोंड घालायचं नाही म्हणून त्यांनी तो कोणालाच विचारला नव्हता.

"माका ठाऊक होता," ते म्हणाले.

"काय?" भाईंनी विचारलं.

"आठ म्हयने रगत जाताहा ता. पाणी मीच नेतंय ना." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "तुमी त्या पोरींका कित्या बोलतास? पयलो मी."

पडवीचं दार ओटीपासून फार लांब नव्हतं. माजघरातून सरळ आवाज यायचा. सत्यवतीने यातला एकही शब्द सोडला नव्हता. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि पहिल्यांदा तिला फक्त राग आला. सारिकाचा आला, सुनेचा आला, नवऱ्याचाही आला. पण सगळ्यांत जास्त राग आला त्या एका शब्दाचा. नकार. आयुष्यात तिने फार थोड्या गोष्टींना नाही म्हटलं होतं. लग्नाला नाही म्हटलं नाही, पाटी उचलायला नाही म्हटलं नाही, परजातीची सून घरात यायला तर सगळ्यांच्या आधी हो म्हटलं. आणि दोन वर्षं सरकारच्या कागदावर ती नाही म्हणून बसली होती.

ती भीतीने गारठलीही होती. हे ती कोणाला सांगणार नव्हती, पण होती. मरायची तितकी नव्हे, जेवढी पाच आठवडे परक्या गावात, परक्या माणसांसमोर उघडं पडायची. तरी ओटीवरच्या पाच माणसांपैकी एकानेही आत येऊन विचारलं नव्हतं की तुला काय करायचंय. तिने लुगड्याचा पदर खोचला, उठली आणि माजघरात पाय ठेवला. देवाच्या फळीसमोरून चालत ती सरळ ओटीवर आली.

भाईंनी पाय वर घेतले. "वैनी, तू बाजूक ना?"

"माजी पाळी बारा वर्सांमागे गेली, भाई. ह्या दुखणा आसा. दुखणेकऱ्याक विटाळ कसलो?" ती खाली बसली. "माका कोणी आठ म्हयने सांगूक नाय, म्हणान मी थंय बसलंय. आता कळला."

खळ्यातून सुदेश आत आला.

"सारिके, मी नाय म्हटलंय ता खंयच्या दिवशी गो?"

"काकी..."

"नाय, तू सांग. मी कसालात होतंय की कणकवलेक? खंय उभी रवान नाय म्हटलंय?"

सारिका रडायला लागली. सत्यवतीने तिला रडू दिलं. मग ती सुनेकडे वळली.

"तुजो डाग पुरो गेलो?"

"होय, आई."

"परत दाखवलंस?"

"गेल्या वर्सा दाखवलंय. काय नाय."

"बरा झाला," सत्यवती म्हणाली, आणि तिला ते खरंच बरं वाटलं. राग गेला नव्हता. दोन्ही गोष्टी एकदम होत्या. "तुझ्या आवशीक सांग, ह्यो रोग खालच्या वाडीचो नाय आणि वरच्या वाडीचो पण नाय. तुमका बुधवारी वेळ होतो, आमका नव्हतो. इतकोच फरक."

दाजी जमिनीकडे बघत होते. "सत्या, माझ्याकडसून जर..."

"वेरावळाक तुमी काय केलात ता मी तेवा इचारूक नाय," ती म्हणाली. "आता इचारून काय माजा रगत थांबतला? देवीक पण ता इचारू नकात. तिका दुसरी कामा आसत."

भाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण दाजींनी हात वर केला. इतक्या वर्षांत भावाला गप्प करायची त्यांची ही पहिली खेप असावी. त्यांनी घसा खाकरला आणि या घरात सकाळपासून राहून गेलेली गोष्ट केली.

"कोल्हापूराक जातलंस?"

"बुधवारी?"

"बुधवारी."

"बुधवारी माजी कसालची गिरायका रिकामी परत जातली," ती म्हणाली. "जातलंय. प्रियांकान माझ्यावांगडा येवचा. थंयच्या नर्सबायांक काय ता बोलूक तिका येता. आणि सारिके, तू बुधवारी साडेपाचाक किनाऱ्यार, रापणीकडे ये. ती यादीची वही घेवन."

बुधवारी सुदेशने भाड्याची गाडी किनाऱ्यापर्यंत आणली. दर्यावर अजून नीट उजाडलं नव्हतं. दोन होड्या लागल्या होत्या, लिलाव रंगात आला होता आणि बांगड्यांच्या ढिगाभोवती बायकांची गर्दी होती. सत्यवती काच खाली करून बसली. पुढे सुदेश, शेजारी प्रियांका, पायाशी कपड्यांची पिशवी. दाजी दार धरून बाहेर उभे होते. ते परवा येणार होते, पण दार काही सोडत नव्हते.

सारिका निळी पिशवी घेऊन वाळूत घुटमळत होती. मग ती सगळ्यांत पुढच्या बाईकडे गेली. मथुरा ती. सत्यवतीच्या जोडीला वीस वर्षं कसालला बसणारी, यादीत सत्तावीस नंबरला.

"मथुरामावशे, बायकांची तपासणी आसा. सत्याकाकीक झाला ता आधीच गावता. येशात?"

"केवा?" मथुरा बांगडे पाटीत भरत होती, तिने मान वर केली नाही.

"सोमवारी. जाळी ठेवतत त्या मांगरात. नर्सबायक मी हय आणतंय."

"सोमवारी ना? येतंय मगे," मथुरा म्हणाली. "लिव माजा नाव. आणि जरा बाजूक हो, टेम्पो सुटतलो."

सारिका पुढच्या बाईकडे गेली, मग तिच्या पुढच्या. एकीने खर्च विचारला, एकीने दुखतं का विचारलं, एकीने नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं. ती एक सोडून सगळ्या हो म्हणाल्या आणि पाट्या उचलून चालू लागल्या. टेम्पो सुटला तेव्हा किनारा रिकामा झाला. सारिका वही छातीशी धरून गाडीकडे आली.

"एकवीस झाली, काकी. बावीस जणींक इचारलंय."

"किती वेळ लागलो?"

सारिकाने मोबाईल पाहिला. "अर्धो तास."

सत्यवतीने तिच्याकडे पाहिलं. तिला खूप काही बोलता आलं असतं.

"अर्धो तास," ती म्हणाली, आणि सुदेशला गाडी काढायला सांगितली.